ओठांवर आलेले शब्द

वीस शब्द वाचून दाखवायचे, दोन मिनिटं थांबायचं आणि मग समोरच्याला आठवतील तेवढे विचारायचे. मधे हूं की चूं करायचं नाही. गेले पाच महिने ती हेच करत होती. छत्तीस म्हातारी माणसं झाली होती. चाळीस भरली की स्मरणशक्तीवरचा तिचा प्रबंध याच सत्रात जाणार होता.

सदतिसावे आले ते निवृत्त शिंपीकाका. त्यांनी सोळा शब्द सांगितले.

"काका, कमाल आहे तुमची!"

"माझी कसली? मी अडलो की तुमचे ओठ हलतात. 'शिडी'ला तर दात दिसले तुमचे. जन्मभर गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून कपडा कुठे काचतोय ते ओळखलंय मी, बाई."

"म्हणजे कॉपी केलीत?"

"तुम्ही दाखवलीत, मी बघितली. इतकी प्रेमळ परीक्षक पहिल्यांदाच भेटली."

ती हसली. पण काका गेल्यावर तिने सगळे कागद पुन्हा चाळले. ज्यांना कमी ऐकू येत होतं, त्यांनाच जास्त शब्द आठवले होते. त्यावर तिने मोठ्या हौसेने एक अख्खं प्रकरण लिहायला घेतलं होतं. ती माणसं सवयीने तिच्या तोंडाकडे बघत बसली होती, एवढंच.

फाईल बंद करून ती तडक आपल्या मार्गदर्शक सरांकडे गेली. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

"किती जण?" सरांनी विचारलं.

"सदतीस. सगळे."

"कुणाला कळलं नसतं."

"मला कळलंय ना, सर."

सरांनी चष्मा काढून पुसला. "माझ्या प्रबंधाच्या वेळी मी मान हलवायचो," ते हळूच म्हणाले. "बरोबर उत्तर आलं की. शेवटी शेवटी लक्षात आलं होतं. बोललो नाही." मग चष्मा लावून म्हणाले, "सत्र वाढवून मिळेल, मी बघतो. शब्द टेप करून घे. विचारताना त्यांच्या पाठीमागे बस."

पुढच्या महिन्यात नव्या यादीतल्या पहिल्या आजी आल्या. सहा शब्दांनंतर अडल्या. मान वळवायला लागल्या.

"आजी, पुढेच बघा हं."

"अगं, एखादा तरी सांग की! तुझं काय जातंय?"

तिला फार वाईट वाटलं. तिने ठरलेली वेळ पुरी होऊ दिली आणि कागदावर लिहिलं, सहा.