पूर्ण वाक्य

मी सफरचंद बोलतोय. खायचं नव्हे, दाखवायचं. अंगाने प्लास्टिकचा, आतून पोकळ, बाहेरून लालभडक, आणि डोक्यावर एक असं हिरवं पान की जे कुठल्या झाडाला कधी आलं नसेल. पोकळ असल्याची मला लाज वाटत नाही. ज्या खोलीत माझं आयुष्य गेलं, तिथे मी एकटाच पोकळ नव्हतो.

माझा जन्म साच्यातला. दोन अर्धी अंगं वेगवेगळी ओतली आणि मध्ये चिकटवली. त्या जोडाची रेघ अजून आहे, अंगठा फिरवला की लागते. दुकानात मी एका टोपलीत केळी आणि द्राक्षांच्या शेजारी पडून होतो. माझा समज असा की आपण एखाद्याच्या जेवणाच्या टेबलावर शोभेला जाणार. पण मला विकत घेतलं ते एका सरांनी. त्यांनी मला वर धरलं, दुकानदाराला दाखवलं आणि म्हणाले, "एक्सलंट." पुढे कळलं की ते सगळ्यालाच एक्सलंट म्हणतात. पाठीमागे त्यांचं नावही तेच पडलं होतं.

एक्सलंट सरांची संस्था चष्म्याच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर. इंग्रजी ज्यांची भाषा नाही त्यांना इंग्रजी कसं शिकवावं, याची पदव्युत्तर पदविका तिथे मिळते. नीट ऐका. तिथे इंग्रजी शिकवत नाहीत, शिकवायचं कसं ते शिकवतात. पदवीधर माणसं फी भरून येतात आणि शिकवायला शिकतात. आता हात साफ करायचा तर समोर डोकी हवीत. म्हणून संध्याकाळी एक फुकटचा वर्ग भरायचा. त्यात शिवणकाम करणाऱ्या एक ताई, एक वॉचमन, इस्पितळातल्या एक आया, आणि लिफ्ट दुरुस्त करणारे एक गृहस्थ व त्यांची बायको अशी मंडळी यायची. त्यांना वाटायचं आपण शिकतोय. खरं तर त्यांच्यावर शिकलं जात होतं.

त्या खोलीचा पहिला नियम, आपली भाषा बोलायची नाही. खोलीत सगळ्यांची भाषा एकच होती. शिकवणाऱ्यांची तीच, शिकणाऱ्यांची तीच, मागे खुर्ची टाकून गुण देत बसलेल्या सरांचीही तीच. पण दार लागलं की ती चपलांबरोबर बाहेर. मग सफरचंद म्हणजे काय ते सांगायचं कसं? तर मला वर धरायचं.

"व्हॉट इज धिस?"

चाळिशी-पन्नाशीची, संसार केलेली, पोरांची लग्नं लावलेली माणसं समोर बसलेली, आणि त्यांना विचारायचं, हे काय आहे. ती बिचारी सांगायचीही. मग दुसरा नियम, त्यांना खरंच समजलं का ते उलटे प्रश्न विचारून तपासायचं. टाय लावून येणारा एक तरुण विद्यार्थी होता, त्याला सगळे टायच म्हणत. तो फार मन लावून तपासायचा.

"इज इट अ कार?"

"नो," वर्ग म्हणायचा.

"कॅन आय ईट इट?"

"नो," वॉचमन म्हणाला.

टायच्या पाठाच्या आराखड्यात तिथे 'येस' लिहिलेलं होतं. त्याने पुन्हा विचारलं. वॉचमननेही पुन्हा नो म्हटलं आणि वर हळूच शिवणकामवाल्या ताईंना आपल्या भाषेत म्हणाला, "प्लास्टिक खातो का हा?" सगळे हसले. टायचे गुण गेले आणि वॉचमनला समज मिळाली. माझ्याबद्दल त्या खोलीत कुणी खरं बोललं असेल तर ते तेवढंच.

तिसरा नियम माझ्या अंगावर आला. शिक्षकाने कमी बोलायचं, शिकणाऱ्यांनी जास्त. म्हणून मला फेकायचे. ज्याच्या हातात मी पडेन त्याने एक वाक्य बोलायचं आणि मला पुढे फेकायचं. बोलला की शिक्षकाने लगेच 'व्हेरी गुड' म्हणायचं, मग वाक्य चांगलं असेल तर सगळ्या वर्गाकडून ते म्हणवून घ्यायचं. शाबासकीला उशीर झाला तर शिकणाऱ्याचा हुरूप जातो, असं एक्सलंट सरांचं म्हणणं. घंटा वाजवून जनावराला शिकवतात, त्यातलाच प्रकार. फरक एवढाच की जनावराला निदान खायला मिळतं.

या सगळ्यात एक बाई होत्या. शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवून आलेल्या, केस पिकलेल्या. त्यांच्या शाळेवर नवे संचालक आले आणि त्यांनी फर्मान काढलं, पदविका आणा, नाहीतर वर्ग सोडा आणि ग्रंथालय सांभाळा. बाईंना पुस्तकांचं वावडं नव्हतं. पण पोरांशिवाय त्यांना करमत नसे. म्हणून या वयात जिने चढून त्या टायच्या शेजारी बसायच्या.

बाईंचा पहिला पाठ पडला. त्यांना शिकवता येत होतं, हेच कारण. शिवणकामवाल्या ताई एका शब्दावर अडल्या, तर बाईंनी सरळ वाकून त्यांना आपल्या भाषेत अर्थ सांगितला. ताईंचा चेहरा उजळला आणि सरांचा उतरला.

"बाई, तुम्ही वर्गात आई होता," पाठ संपल्यावर सर म्हणाले. "प्लीज, शिक्षक व्हा."

"समजत नव्हतं हो त्यांना."

"न समजण्याचाही एक उपयोग असतो. त्यातून माणूस बोलायला लागतो."

बाईंनी मान डोलावली. ग्रंथालयाची खोली त्यांना डोळ्यांसमोर दिसत असणार. त्या हळूहळू बदलल्या. हात वर, 'व्हेरी गुड', 'एव्हरीबडी', 'अगेन'. मी रोज बघत होतो. एक चांगली बाई साच्यात कशी ओततात आणि जोड कुठे ठेवतात, हे मला सांगावं लागत नाही.

आता त्या लिफ्टवाल्यांबद्दल. त्यांची मुलगी परदेशात दिलेली. नातवाला आपली भाषा येत नव्हती आणि आजी-आजोबांना त्याची. फोनच्या पडद्यावर तिघं एकमेकांकडे बघून हसायची, एवढंच. म्हणून दोघं वर्गाला यायची. लिफ्टवाले एका शब्दापुढे जात नसत. 'येस', 'नो', 'लिफ्ट'. बायको मात्र बडबडी. मी तिच्याकडे आलो की हमखास तिच्या हातून निसटायचो, आणि ती पदर तोंडाला लावून हसायची. "अहो, घ्या की, पळालं बघा," असं म्हणायची आणि लगेच जीभ चावायची. त्या इमारतीची लिफ्ट कायम बंद. दुसऱ्या मजल्यावर वळणाला एक बाक होता, तिथे ती दम खायला बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "नवरा लिफ्ट दुरुस्त करतो आणि मी जिने चढते. नशीब बघा." ते शेजारी नुसते हसत बसायचे.

मग ती दोघं काही दिवस आलीच नाहीत. नंतर एका संध्याकाळी ते एकटेच आले. आपल्या जागी बसले. शेजारची खुर्ची रिकामी. टायने ती उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवली, कारण रिकाम्या खुर्चीने वर्गाचा गोल बिघडतो. कुणी काही विचारलं नाही. विचारायचं कुठल्या भाषेत? आणि त्या दिवशीच्या आराखड्यात तो प्रश्न नव्हता.

बाईंचा शेवटचा पाठ त्याच आठवड्यात होता. आदल्या दिवशी सर म्हणाले, "ते लिफ्टवाले कुणाकडूनच उघडले नाहीत. त्यांच्याकडून एक पूर्ण वाक्य काढून दाखवा. मी डोळे मिटून पास करतो." काढून, असंच म्हणाले. दाढ काढतात तसं.

पाठाचा विषय होता, गेल्या महिन्यात काय घडलं ते सांगणे. पाठ छान रंगला. शिवणकामवाल्या ताईंनी नवं मशीन घेतलं. वॉचमनच्या भावाला मुलगा झाला. व्हेरी गुड, व्हेरी गुड. मागे सरांचं पेन पळत होतं. बाईंनी मला लिफ्टवाल्यांकडे फेकलं, आणि फेकताना त्या बघत होत्या सरांकडे.

त्यांनी मला झेललं. दोन्ही हातांत धरलं. त्यांचा अंगठा माझ्या जोडावरून एकदा गेला, परत आला. मग ते उभे राहिले. त्या वर्गात बोलायला कुणी उभं राहत नसे.

"लास्ट मंथ," ते म्हणाले, आणि थांबले. "लास्ट मंथ, माय वाइफ डाइड."

"व्हेरी गुड," बाई म्हणाल्या. "फुल सेंटेन्स. एव्हरीबडी?" आणि त्यांचे दोन्ही हात वर गेले.

वर्ग आज्ञाधारक होता. वर्गाने सुरुवात केली, "लास्ट मंथ माय वाइफ..." आधी आया गप्प झाल्या, मग ताई, मग वॉचमन. बाईंचे हात वरच राहिले. वाक्य त्यांच्या कानात गेलं होतं, पण आत पोचायला वेळ लागला. पोचलं तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. आणखी कुणी पाहिला असेल असं वाटत नाही. सर लिहीत होते.

मला वाटलं, आता बाई खाली बसतील. आता बोलतील. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, ओठ ओले केले आणि म्हणाल्या, "ओके. थ्रो द ॲपल, प्लीज."

लिफ्टवाल्यांनी मला नीट फेकलं. ताईंना झेलायला सोपं जाईल असं, हळू.

पाठ वेळेत संपला. जाताना ताईंनी मला बाईंच्या हातात दिलं आणि वर्ग पांगला. सर खूष होते.

"एक्सलंट, बाई. गप्प माणूस बोलता केलात. असा क्षण मी वर्षानुवर्षं बघितला नव्हता."

"सर, त्यांची बायको गेली," बाई आपल्या भाषेत म्हणाल्या.

"हो, ऐकलं मी. वाईट झालं. पण तुम्ही आराखडा सोडला नाहीत, तेच महत्त्वाचं. पहिल्या पाठातल्या बाई असत्या तर तिथेच रडारड झाली असती. पास आहात. शाळेला कळवतो."

"मला हा पाठ नको."

"म्हणजे?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी पर्स उचलली. मी अजून त्यांच्या हातात होतो, ते त्यांच्या लक्षातच नव्हतं. टायने दारात अभिनंदन केलं, त्याच्याकडेही त्यांचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, बाकावर, लिफ्टवाले बसले होते. एका टोकाला. दुसरं टोक मोकळं ठेवून. बाईंना बघून ते उठायला लागले.

"बसा भाऊ, बसा." बाई बाकाजवळ उभ्याच राहिल्या. "मी काय बोलून बसले तिथे."

"नाही हो बाई. तुमची परीक्षा होती, ठाऊक होतं आम्हाला. झालात ना पास?"

बाईंनी खाली बघत मान हलवली.

"वाक्य बरोबर होतं का?" लिफ्टवाल्यांनी विचारलं. "इथे आपल्या भाषेत सांगायचं नाही ना. आणि सांगायला तर हवंच होतं, तिच्या ओळखीची माणसं तुम्ही. मुलीला फोन करून विचारलं, हे कसं म्हणायचं. ती फोनवर रडायला लागली. मग म्हटलं, राहू दे, आपलं आपण जुळवू. लिफ्टमध्ये काम करताना म्हणत राहिलो. नातवालाही तेच सांगायचं होतं."

बाई बसल्या. मोकळ्या टोकाला नाही बसल्या, अलीकडे बसल्या. मला मात्र त्या टोकाला ठेवलं. मी घरंगळू लागलो, तर लिफ्टवाल्यांनी हात लांब करून अडवलं आणि म्हणाले, "पळालं बघा." म्हणाले आणि तोंड फिरवलं.

खाली दुकानाचं शटर कुणीतरी अर्धं ओढलं. बाई त्यांच्याकडे वळल्या.

"काय झालं होतं हो त्यांना?"

मग ते बोलले. आपल्या भाषेत, मिळतील ते शब्द घेऊन, मध्येच सोडून, पुन्हा मागे जाऊन. छातीत दुखत होतं, तिला वाटलं जिन्यांमुळे. मीही हसण्यावारी नेलं. त्या दिवशी सकाळी तर. तिने डबा भरून. असं. तिचं नावही त्यांनी घेतलं. ते मी तुम्हाला सांगणार नाही, ते बाईंना सांगितलेलं होतं. सगळ्या बोलण्यात एकही वाक्य पूर्ण नव्हतं. बाईंनी एकदाही 'व्हेरी गुड' म्हटलं नाही.

दोघं उठून गेली तेव्हा मला तिथेच विसरली. झाडणाऱ्या मावशींनी मला जिन्याच्या खिडकीत ठेवलं, तेव्हापासून मी इथेच. बाई शाळेत शिकवतात, एवढं टायच्या तोंडून ऐकलं. पदविकेचा कागद न्यायला त्या अजून आल्या नाहीत, संस्थेनेच शाळेला पाठवून दिला म्हणे. वर नवी तुकडी आली आहे आणि नवं सफरचंदही. माझ्यापेक्षा जास्त चकचकीत आहे. वरून 'व्हेरी गुड' ऐकू येतं, जिन्याला घुमतं.

तुमच्यापैकी कुणी शिकवायला शिकत असाल आणि या जिन्याने जात असाल, तर मला खुशाल उचला. उन्हाने एका बाजूने फिका पडलोय, पण फेकायला चालेन. फक्त एक करा. ज्याच्याकडे फेकाल, फेकताना त्याच्या तोंडाकडे बघा.