बिनबोलावण्याचा सण

माझा धाकटा भाऊ वोयिन व्हिएन्नात लोकांचे दात उपटतो. इतकी वर्षं त्याला ना आईची आठवण होती, ना बाबांच्या थडग्याची. मग एके दिवशी म्हणे तो एका नळीत थुंकला, ती नळी टपालाने कुठेतरी पाठवली आणि उत्तरादाखल रंगीत कागद आला. इतके टक्के सर्ब, इतके हंगेरियन, इतके जर्मन आणि चिमूटभर ग्रीक. त्या चिमूटभर ग्रीकाने तर त्याचं डोकंच फिरवलं.

"ताई, मी म्हणजे अख्खा युरोप आहे गं!" फोनवर ओरडला.

"थुंकीवरून कळलं का? इथे येऊन आईच्या तोंडाकडे बघितलं असतंस तरी कळलं असतं. तेही फुकटात."

सर्बियातल्या आमच्या या बानात प्रांतात भेसळ नसलेला माणूस दाखवा. आमची आई पिरोश्का हंगेरियन, कॅथलिक. बाबांची आई रेझी जर्मन. बाबा सर्ब, ऑर्थोडॉक्स चर्चचे. आमच्याकडे नाताळ दोनदा व्हायचा आणि शिव्या तीन भाषांत दिल्या जायच्या. त्याचं कौतुक करावं असं कधी कुणाला वाटलं नाही, कारण शेजारच्या घरातही तेच होतं.

बाबांचं म्हणून घरात एकच होतं, आमचा कुलसंत निकोला. दर डिसेंबरात त्याचा दिवस येतो. हा संत बापाकडून मुलाकडे जातो. मुलगी लग्न होऊन गेली की नवऱ्याचा संत तो तिचा. मी लग्न केलं नाही. बाबा गेले, वोयिन फिरकला नाही, तेव्हा निकोलाचा दिवस मी सांभाळला. बाबांचं नाव सावा, म्हणून वर्षभर गावाला मी 'सावाची राहिलेली थोरली' असते. त्या एका दिवशी मात्र दारात उभी राहून गावाला आत घेणारी मी असते. मला दुसरं काही नको होतं.

आणि यंदा आला की आयत्या बिळावर नागोबा! लांब कोट, दोन बॅगा आणि सारखा पुढे धरलेला मोबाइल. आईने कांदा चिरला तरी चित्रीकरण. भिंतीवरच्या निकोलाच्या काळवंडलेल्या तसबिरीसमोर तर तो असा उभा राहिला, जणू ती त्यानेच जमिनीतून उकरून काढली होती.

"ही मी व्हिएन्नाला नेणार," तो म्हणाला. "परंपरा मुलाकडे येते ताई, मी वाचलंय."

"आणि जिने सांभाळली तिचं काय?"

"तुझे उपकार आहेतच गं. पण वारसा तो वारसा. यंदाचा सणही मीच करणार. हॉल घेतलाय, सगळ्यांना कार्डं गेलीत."

माझ्या हातातलं फडकं गळून पडलं. "कार्डं? अरे शहाण्या, या सणाला कुणाला बोलवत नसतात! दार उघडं ठेवायचं, ज्याला यायचं तो येतो. कार्ड धाडलंस म्हणजे तू त्यांना परकं केलंस."

"हॉलवाल्याला माणसं किती ते सांगावं लागतं."

"आणि ताटात काय वाढणार?"

"आपल्यातला सगळा युरोप! डुकराचं भाजलेलं पिल्लू, रेझीआजीच्या पद्धतीचे सॉसेज, आईसाठी हंगेरियन गुलाश, भरपूर मटण घालून."

"निकोला नाताळाआधीच्या उपासाच्या दिवसांत येतो, गाढवा. मासे आणि घेवडा, एवढंच चालतं."

"तुझी दृष्टी फार संकुचित आहे, ताई."

थुंकी पाठवून संस्कृती मागवणारा माणूस मला दृष्टी शिकवत होता! मी आईकडे वळले. "आई, तू तरी बोल."

"मी काय बोलू?" आई म्हणाली. "संत तुमचा. माझं चर्च वेगळं."

सणाच्या आदल्या दिवशी त्याने तसबीर उतरवली आणि आंघोळीच्या टॉवेलात गुंडाळून नेली. मी कोठारात जाऊन रडले. त्या मूर्खापुढे रडायची माझी तयारी नव्हती.

सणाच्या दिवशी मी मुद्दाम जुना झगा घातला आणि ठरवलं, काही करायचं नाही. स्वयंपाकघरात गेले तर आईने गहू शिजवून ठेवला होता. पाव भाजला होता. माशांचं सार उकळत होतं.

"कुणासाठी एवढं?"

"दिवस आहे ना," आई म्हणाली. आयुष्यभर दुसऱ्याच्या संतासाठी गहू शिजवला तिने, आणि तिच्या गुलाशाची फिकीर तो करणार!

तेवढ्यात शेजारचे लाझारकाका दार न वाजवता आत आले. खिशातून कार्ड काढून त्यांनी टेबलावर आपटलं. "सावाच्या पोराने मला निमंत्रण दिलंय! मी काय वीजबिलवाला आहे? तुझ्या बापाबरोबर याच टेबलाखाली झिंगून पडलोय मी!"

त्यांच्यामागून त्यांची बायको आली, मग पलीकडचे, मग वरच्या गल्लीतले. प्रत्येकाने दाराशी चमचाभर गहू तोंडात टाकला आणि खुर्ची ओढली. शेवटी पाद्री आले.

"फादर, भिंतीवर निकोला नाही," मी म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"दिसतंय मला. चष्मा नवा आहे. मेणबत्ती आहे ना? आण."

मेणबत्ती लागली. पाद्र्यांनी आईच्या पावावर वाइन शिंपडली, पाव कापला आणि घर माणसांनी भरून गेलं. जुन्या झग्यातच मी इकडून तिकडे धावत होते, आणि खूप सुखात होते.

दुपार कलल्यावर वोयिन आला. टाय सुटलेला, काखेत टॉवेलातला निकोला. "तिकडे कुणीच आलं नाही," तो म्हणाला. "मी आणि ते डुकराचं पिल्लू, दोघंच."

"बोलावलं होतंस ना, म्हणून," लाझारकाका म्हणाले आणि सगळं टेबल हसलं.

त्याने तसबीर पुन्हा खिळ्यावर टांगली आणि माझ्याकडे वळला. "उद्या नेणार मी. हक्क माझाच आहे."

मी तोंड उघडणार, तोच आईने त्याच्यापुढे गव्हाचा वाडगा धरला. "घे बाळा. दमलास. बस."

लाझारकाकांनी पायाने एक खुर्ची त्याच्याकडे सरकवली. वोयिन बसला.

टेबलावरचे सगळे चमचे एकदम थांबले. पाद्र्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. वोयिनला वाटलं, आपल्याला मान मिळाला. त्याने चांगली पाठ टेकली आणि पाय लांब केले. संताच्या दिवशी ज्याचं घर असतं तो शेवटचा पाहुणा उठेपर्यंत बसत नाही. बाबांचे पाय सुजायचे, पण ते कधी टेकले नाहीत. याने एवढं सगळं वाचलं होतं, पण हे काही वाचलं नव्हतं.

लाझारकाकांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. रिकामा पेला उचलून त्यांनी माझ्या दिशेने धरला.

"घरधनी," ते म्हणाले, "वाइन संपली."

मी उभीच होते. आणायला गेले.