साळूबाईची पांढरी दुपटी

विमानाची घरघर कानावर आली की सोनईजवळच्या त्या वस्तीवर बायांची एकच धांदल उडायची. रांजण झाका, भाकऱ्या आत घ्या, पोरं ओढा! कारखान्यानं उसावर औषध मारायला बारकं विमान आणलं होतं. मारायचं उसावर आणि पडायचं मेलं वस्तीवर. गडीमाणसं कारखान्याच्या हापिसात जाऊन भांडून आली. साहेब म्हणाला, "विमान उसावरच फिरतं." झालं! मग आमच्या डोक्यावर काय देव थुंकत होता?

साळूबाईचा तर जीव थाऱ्यावर नव्हता. लेक मनकर्णा पहिलटकरीण, बाळंतपणाला आलेली. नातीचं अजून बारसं व्हायचं होतं आणि डोळे लालभडक, सारखा ठसका. डॉक्टरनं बजावलं होतं, औषध बाधतंय, पोरीला जपा. साळूबाईनं जपण्यात कसर ठेवली नाही. नवऱ्याची जुनी धोतरं फाडून दुपटी केलेली. विमान येऊन गेलं की ती सगळी रिठ्यानं धुवायची आणि खालची धूळ नको म्हणून वर माळवदावर वाळत घालायची. पांढरीशुभ्र! तरी दुसऱ्या दिवशी विमान पुन्हा डोक्यावर हजर.

त्या दिवशी तिचं डोकंच फिरलं. विमानाला निशाण दाखवायला वस्तीतलाच सत्तार उसाच्या बांधावर उभा असायचा. ती तरातरा त्याच्याकडे गेली.

"सत्तार, तुला डोळं हायेत का न्हाईत रं? आमच्या घरावर कशाला आनतोस त्याला?"

"अल्लाची शप्पत मावशी, मी हितंच उभा हाय." सत्तारनं काठीला बांधलेलं धोतराचं फडकं हलवून दाखवलं. "वरच्याला दुसरं काय कळतंय? पांढरं दिसंल तितवर तो औषध सोडत येतो."

साळूबाईनं मागं वळून पाहिलं. रस्त्यापलीकडं तिचं माळवद उन्हात लखलखत होतं. एवढ्या लांबून वस्तीतलं दुसरं काहीच नजरेत भरत नव्हतं.

"अगं माझे बाई! म्हंजे मीच बोलावते व्हय त्याला!"

तिकडं विमान वळायला लागलं होतं. साळूबाई ओचा खोचून पळत सुटली. ठेचकाळली, उठली, धापा टाकत शिडी चढली. हाताला येईल ते दुपटं ओढून कवेत कोंबू लागली. शेवटचं दुपटं उचललं आणि विमान डोक्यावरून गेलं. औषधाची सगळी झड तिच्या अंगावर आली.

खाली उतरली तर मनकर्णा पोरीला घेऊन दारात उभी. मांडीवर, पाळण्यात, कुठंच न राहणारी पोर आजीकडं गेली की गप्प व्हायची.

"कुठं गेल्तीस गं आई? धर हिला जरा. रडून रडून निळी पडली."

साळूबाईचे हात पुढं झाले आणि तसेच मागं आले.

"नगं! माझ्याजवळ आनू नगं तिला. घरात घे. अन् ही दुपटी परत वर घालायची न्हाईत."

"अगं पर तू आत्ताच तर धुतलीस ना?"

साळूबाईला रडू आवरेना. डोळे पुसायला तिनं पदर उचलला, तर पदरही औषधानं भिजलेला.