मोठ्या नेढ्याच्या सुया

रस्त्याच्या कोपऱ्यावर दोन जावांचं शिवणाचं दुकान होतं. दोन जावा एका छपराखाली, त्यात हातात कात्र्या, आणि तरी सहा वर्षं सगळं सुखरूप, याचं गिऱ्हाइकांना भारी नवल. त्यात नवल कसलं? थोरली कमी बोलायची आणि धाकटी थोरलीच्या वाटचंही बोलून टाकायची.

थोरलीला ल्युपस होता. शरीराची राखण करणारी शक्तीच शरीरावर उलटते, असा हा आजार. ऊन लागलं की गाल लाल होत आणि सकाळी बोटं ताठ होऊन बसत. म्हणून खिडकीजवळचं मशीन धाकटीकडे, आतला कोपरा थोरलीकडे. आखडलेल्या बोटांना बारीक सुईत दोरा ओवणं जमेना, तेव्हा तिने मोठ्या नेढ्याच्या सुया आणल्या होत्या.

यंदा आजार मूत्रपिंडाकडे सरकायला लागला, तसं डॉक्टरीणबाईंनी जास्त ताकदीचं औषध ठरवलं. त्याआधी रक्त तपासलं, तर त्यात भलताच पाहुणा निघाला. हिपॅटायटिस बी. डोळे पिवळे नाहीत, दुखणं नाही, वर्षानुवर्षं यकृतात गुपचूप झोपून राहिलेला विषाणू.

"नवं औषध प्रतिकारशक्ती दाबतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग हा उठून बसतो. म्हणून आधी त्याच्यासाठी रोज एक गोळी, न चुकता. आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या. एका ताटात जेवल्याने हा पसरत नाही, रक्तातून पसरतो. सुया, ब्लेड तेवढी वेगळी ठेवा."

सुया वेगळ्या ठेवा म्हणे. शिवणकाम करणाऱ्या बाईला.

नवऱ्याला तिने सांगितलं. त्याची तपासणी झाली, काही निघालं नाही, लशीचं पहिलं इंजेक्शनही झालं. धाकटीपुढे मात्र तिने ब्र काढला नाही. धाकटीच्या तोंडात तीळ भिजत नाही, गल्लीभर होईल, असं तिने नवऱ्याला सांगितलं. खरं कारण वेगळंच होतं. धाकटी आपली खुर्ची दूर सरकवेल, या एका भीतीने ती गप्प होती. तिने आपल्या सुया एका डब्यात घातल्या, डबा खणात ठेवला आणि प्रश्न सुटला असं मानलं.

तीन आठवड्यांनी ती दवाखान्यातून जरा लवकर परतली. बघते तर खण उघडा, डबा धाकटीच्या मांडीवर, आणि बाईसाहेब मोठ्या नेढ्याच्या सुईने शर्टाला काजं करतायत. डाव्या हाताचं टोचलेलं बोट तोंडात.

"ती सुई कुठून घेतलीस?"

"तुमच्याच डब्यातली," धाकटी ओशाळली. "आजची गोष्ट नाही हो, ताई. दोन वर्षं तुमच्या सुया घेते. तुम्ही बाहेर गेलात की."

"अगं, पण का? तुझ्याकडे पाकीटभर सुया आहेत."

"त्यांची नेढी दिसत नाहीत मला." धाकटीने मान खाली घातली. "चष्मा लागलाय. पण चष्मा लावला की मी हुबेहूब माझ्या आत्यासारखी दिसते."

दोन वर्षं. थोरलीने तिच्यासमोर बसून सगळं सांगून टाकलं. विषाणू, गोळी, सुया, सगळं. धाकटी सहा वर्षांत पहिल्यांदा मध्ये एक शब्द न बोलता ऐकत होती.

"आणि हे एकटीने पोटात ठेवून बसलात?" ती शेवटी म्हणाली. "मला सांगायला काय जीभ झिजली असती?" तिने खुर्ची सरकवली, पण जवळ. थोरलीचा अर्धा राहिलेला चहा उचलला आणि घटाघटा पिऊन टाकला. "एका ताटात चालतं म्हणाल्या ना त्या? उद्या मला घेऊन चला."

रिपोर्ट यायला चार दिवस लागले. ते चार दिवस थोरलीचं कशात लक्ष लागेना. आपल्यापायी या पोरीला काही झालं तर नवं औषध कोणत्या तोंडाने घ्यायचं, हेच डोक्यात.

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं. "संसर्ग नाही. उलट चांगलं संरक्षण आहे. लस कधी घेतलीत?"

"मी? लस? मला सुईची भीती वाटते हो," शिवणकाम करणारी धाकटी म्हणाली. मग तिला आठवलं. "थांबा. लग्नाआधी मी इस्पितळाच्या चादरी शिवायला होते. तिथे तीनदा टोचलं होतं. दोनदा चक्कर येऊन पडले. तिसऱ्यांदा त्यांनी मला आधीच निजवलं."

थोरली तिथेच, सगळ्यांदेखत, हसत हसत रडली. इतका आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता. परतताना तिने धाकटीचा दंड धरून तिला चष्म्याच्या दुकानात नेलं. "माझी गोळी मी चुकवणार नाही. तू चष्मा चुकवायचा नाही."

आठवड्याने चष्मा आला. थोरलीचं नवं औषधही त्याच सकाळी सुरू झालं होतं. धाकटीने चष्मा चढवला आणि मांडीवरच्या शर्टाकडे पाहिलं. कालची काजं. एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला. मग तिने गिऱ्हाइकासाठी टांगून ठेवलेल्या शर्टाकडे पाहिलं. त्यावरची काजं देखणी होती.

"ताई, तो परवाचा शर्टही माझाच ना?"

"हं."

"मग माझी काजं उसवून परत कोण घालतं?"

थोरली दोरा ओवत राहिली. "तू स्वयंपाकाला पुढे निघून जातेस ना. तेव्हा वेळ असतो मला."

"दोन वर्षं? या बोटांनी?"

धाकटीने डोळे पुसायला चष्मा काढला, परत लावला. मोठ्या नेढ्याच्या सुयांचं नवं पाकीट फोडलं, डझनभर सुयांत भराभर दोरा ओवला आणि त्या ओळीने थोरलीसमोरच्या चिंधीत टोचून ठेवल्या. "रोज सकाळी एवढ्या ओवून मिळतील. वापरलेल्या तुमच्या डब्यात. आणि काजं आजपासून माझी मी उसवणार."

थोरलीने मान वर करून तिला नीट न्याहाळलं.

"खरंच गं," ती म्हणाली. "अगदी आत्या."

त्या सकाळी दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाला दोन्ही जावा पोट धरून हसताना दिसल्या, आणि त्याचा शर्ट तयार आहे की नाही हे काही त्याला बराच वेळ कळलं नाही.