शिंगाळ्याचं बिऱ्हाड

पूर्णेच्या रेल्वे कॉलनीत दत्तराव गार्डांच्या घरी मासा कधी शिजला नाही, पण माशाच्या गप्पांना रोज फोडणी बसायची. बायको केवळाबाई माळकरी. आणि नवरा असा, की रेल्वेचा फुकट पास हातात पडला रे पडला, की गळाची काठी खांद्यावर टाकून समुद्र गाठायचा. त्याचा बालमित्र बन्सीधर, मूळचा सोनपेठचा, कोकणात एका बंदरावर तारखात्यात नोकरीला होता.

"इथली नदी काय आटली का? मासेच धरायचेत तर हितं धरा की," केवळाबाई म्हणायची.

"आगं, नदीतला मासा म्हंजे पॅसेंजर. समुद्रातला म्हंजे एक्सप्रेस!"

"मंग तुमची एक्सप्रेस दरसाल मोकळीच कशी येती?"

दत्तराव ऐकू न आल्यासारखं करायचा. रनिंग रूममध्ये विसाव्याला आलेल्या गार्ड-ड्रायव्हरांना मात्र तो दोन्ही हात फाकवून निसटलेले मासे दाखवायचा. दरसाल हात थोडे जास्तच फाकायचे.

सत्त्याऐंशी साली धाकटीचं लग्न उरकलं आणि केवळाबाईनं जाहीर केलं, "यंदा मीबी येते. बघू तरी कसं निसटतंय ते."

गाड्या बदलत मिरज, पुढं घाटातून एस्टी. केवळाबाईचं अंग आंबून गेलं, पण समुद्र बघितल्यावर तिनं आधी हात जोडले. मग खडकावर पदर खोचून बसली. बन्सीधर कॅमेरा घेऊन आला होता. रोलमधला शेवटचा एक फोटो त्यानं मित्राच्या माशासाठी राखून ठेवला होता.

दत्तरावनं गळाला टपोरी कोळंबी लावली. शेजारी जाळं सांधत बसलेल्या सुलाबाई कोळणीनं डोक्याला हात लावला. "काय हो ताई, माणसांनी खायची कोळंबी तुमचे मालक माशांना जेवू घालतात!"

"घरी पावण्यालाबी इतकं आग्रहानं वाढत न्हाईत," केवळाबाई म्हणाली. दोघींचं तिथंच जमलं.

सुलाबाई बोलत राहिली. मोठ्या यांत्रिक ट्रॉलरी आल्यापासून लहान-थोर सगळं खरवडून जातं, नवऱ्याची होडी अर्धी रिकामी येते. "तुमची हौस आहे, आमचं पोट आहे. पण हौसेवाले आले की चहाची टपरी चालते, आमची कोळंबीही खपते. म्हणून येऊ देतो!"

दुपार कलली. मासा काही लागेना. तंबाखू खायची म्हणून दत्तरावनं काठी बायकोच्या हाती दिली आणि काठीवरची दोऱ्याची चरखी किर्र करत फिरायला लागली.

"आव! कोनी तरी वढायलंय!"

"सोडू नको! सोडू नको केवळा!"

दोघांनी मिळून ओढला. हाताएवढा लांब, मिशाळ शिंगाळा खडकावर आपटला. गळ तोंडात नव्हताच, शेपटीजवळ अडकला होता. त्यानं जबडा उघडला आणि गोट्यांएवढी पिवळी अंडी भळाभळा बाहेर पडली. केवळाबाई किंचाळली, "आगं बया! लेकुरवाळी हाय की ही!"

"बाई नाही, बाप आहे तो," सुलाबाई धावत येत म्हणाली. "शिंगाळ्याची मादी अंडी टाकते नि मोकळी होते. पिल्लं सुटी होईपर्यंत बापच तोंडात सांभाळतो. तोवर घास खात नाही."

केवळाबाईनं वळून नवऱ्याकडं बघितलं. चार लेकरं झाली, पण या माणसानं एकाचं नाकसुद्धा कधी पुसलं नव्हतं.

"ऐका. तोंडात तंबाखू धरनाऱ्यांनी जरा ऐका."

दत्तरावनं तंबाखू थुंकली. मग केविलवाण्या आवाजात म्हणाला, "केवळा, निस्ता एक फोटो. येवढ्या सालांत पहिला हाय गं."

मासा तोंड वासत होता. बन्सीधर कॅमेरा डोळ्याला लावून भिंगाचं कडं फिरवत बसला होता. फोटो काही जमेना. दत्तराव माशाकडं बघत राहिला, आणि एकदम म्हणाला, "राहू दे रे बन्सी."

सुलाबाईनं माशाच्या परांवरच्या काट्यांना चुकवून गळ काढला. दत्तराव गुडघाभर पाण्यात उतरला नि शिंगाळ्याला दोन्ही हातांनी धरून राहिला. मासा सावरला, शेपटी हाणून त्याचं धोतर भिजवून गेला. सांडलेली अंडी केवळाबाईनं विठ्ठलाचं नाव घेत पाण्यात सोडली. त्यातली किती जगतील, हे तिनं विचारलं नाही. सुलाबाईनंही सांगितलं नाही.

पूर्णेला आल्यावर रनिंग रूममध्ये हशा पिकला. "साहेब, मासा सोडला म्हनता? दरसाल निसटतो, यंदा सोडला!"

शेवटी मंडळी चहाच्या निमित्तानं थेट घरीच आली. माळकरी बाई खोटं बोलायची नाही, हे सगळ्यांना ठाऊक. दत्तराव दारामागं कान देऊन उभा.

"मासा व्हता," केवळाबाई कपबशा मांडत म्हणाली. "लय मोठा व्हता. पर धरला म्या." मंडळी खो खो हसली. तिनं शेवटची बशी मांडली. "सोडला मातर यांनी. धरन्यापरीस तेच अवघड व्हतं."

दारामागून दत्तराव बाहेर आला. बशी उचलली, परत खाली ठेवली आणि मासा केवढा होता ते दाखवायला त्यानं हात फाकवले. यंदा मापात.