भिंगरी थांबली

शर्यतीतून निवृत्त झालेली भिंगरी घोडेस्वारीच्या शाळेत येऊन महिना झाला, तरी थांबायचं कसं हे तिच्या गावीही नव्हतं. शाळा चालवणारी भाची मामांना म्हणाली, "आज थांबली नाही तर परत पाठवते. इथे शिकाऊ माणसं बसतात."

"बसू दे की. लवकर घरी पोहोचतील," मामा म्हणाले आणि भिंगरीवर स्वार झाले. घोडी त्यांनीच हट्टाने आणवली होती.

दुडक्या चालीने रिंगणाच्या दोन फेऱ्या झाल्या आणि मामांनी लगाम खेचला. भिंगरी उधळली. आणखी खेचला, तशी ती आणखी सुसाट सुटली.

"अहो मामा, आवरा तिला!" भाची कुंपणाजवळून ओरडली.

तेव्हा कुठे मामांची ट्यूब पेटली. लगाम ताणला की त्यावर भार टाकून पळायचं, हे शर्यतीच्या घोड्यांना त्यांनीच तीस वर्षं शिकवलं होतं. बिचारी सांगितलेलं मन लावून ऐकत होती. त्यांनी लगाम सैल सोडला, खोगिरात जड होऊन बसले आणि मोठा श्वास सोडला. भिंगरीचे कान मागे वळले. ती मंदावली, साध्या चालीवर आली आणि चक्क उभी राहिली.

"काय केलंत?" भाचीने धावत येऊन विचारलं.

"माझे हात आवरले." मामांनी भिंगरीची मान थोपटली. "घोडी हुशार आहे गं. शिकवणी मलाच लाव."

"लावते. पण आधी हिला चारा घालू," भाची म्हणाली आणि तबेल्याचं दार उघडायला गेली.