काळ्या बॉनेटवरचे पट्टे

आकारामांनी बाटलीचा खटका पुन्हा दाबला आणि बॉनेटवर बारीक तुषार उडाले. उन्हात ते पडता पडताच सुकत होते, म्हणून त्यांनी आणखी एकदा दाबला. मग शेजारी, मग जरा वर, काचेच्या खाली. गाडी सावलीत लावा, पत्रा गार असू द्या आणि अगदी थोडं मारा, असं बाटलीवर लिहिलेलं होतं. आकारामांनी ते चष्मा लावून नीट वाचलं होतं. पण लिहिणाऱ्याला काय माहीत, गाडी कुणाची आहे ते! जावयाच्या पानात तूप वाढताना तो 'पुरे' म्हणेपर्यंत धार थांबवायची नसते. आता बॉनेट काही 'पुरे' म्हणत नाही, हा भाग वेगळा.

गाडी उदयसिंहांची, काळीभोर. राजारामपुरीतल्या या गल्लीत घरापुढं एवढीशी जागा, तीही दोन स्कूटरनी अडवलेली, त्यामुळं ती बाहेर उन्हात उभी होती. उदयसिंह आत कूलरपुढं झोपले होते. अधिक महिना लागला होता. निशिगंधाच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक, त्यामुळं लेक-जावयाला धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं होतं. आकारामांच्या बायकोनं, विमलाबाईंनी, चार दिवस आधीपासून कंबर कसली होती. पुरण भरलेले धोंडे, तांब्याच्या ताटात अनारशांचं वाण, वर चांदीचा दिवा, जावयाला अंगभर कपडे. काही म्हणता काही कमी पडू दिलं नव्हतं.

जावयानं मात्र कपड्यांचं पाकीट उघडूनसुद्धा पाहिलं नाही. जेवताना त्याचं लक्ष सारखं खिडकीबाहेर गाडीकडं होतं.

"धूळ फार आहे हो तुमच्या गल्लीत, मामा," एवढंच तो हसून म्हणाला होता.

आकारामांनी ते मनावर घेतलं. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर सगळी नोकरी झाली, पण माणसाला नेमकं काय दिलं की तो खूश होतो, हे त्यांना कधी उमगलं नव्हतं. आज उमगलं. पाव्हण्यांचा डोळा लागताच ते कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन ही बाटली घेऊन आले. रंगाचं रक्षण होतं, धूळ चिकटत नाही, गाडी आरशासारखी चमकते, असं दुकानदार म्हणाला होता. त्यांनी बादलीनं पाणी आणून गाडी धुतली, पुसली, आणि मग कपाटातून कोरा टॉवेल काढला. देण्याघेण्यासाठी विमलाबाईंनी राखून ठेवलेला, खळसुद्धा न गेलेला. जावयाच्या गाडीला वापरलेलं फडकं लावायचं म्हणजे काय!

त्या कोऱ्या टॉवेलानं त्यांनी बॉनेट पुसायला घेतलं आणि पट्टे उठले.

आधी त्यांना वाटलं, ओलं असेल. थोडं थांबले. पट्टे सुकले आणि जास्तच दिसू लागले. रस्त्यावरच्या पाण्यात तेल सांडलं की दिसतात तसे निळे-जांभळे, लांबच्या लांब, टॉवेल जसा फिरला तसे. त्यांनी जोर लावून घासलं. पट्टे पसरले. आणखी स्प्रे मारला, म्हटलं, विरघळतील. ते चिकट झाले. आता मात्र आकाराम घाबरले. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं स्वतःशी म्हणत ते टॉवेलाची दुसरी बाजू शोधू लागले.

"आबा, चहा ठिवू का, आई इचार..."

निशिगंधा दारात आली होती. वाक्य तिच्या तोंडातच राहिलं. तिनं बॉनेट पाहिलं, मग बाटली, मग टॉवेल. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"काय केलासा हे?"

"अगं, जरा चमक यावी म्हणून..."

"हळू बोला."

आकाराम हसले. "आता गाडी काय झोपलीया व्हय?"

ती हसली नाही. मान वळवून ती घराकडं कान देऊन उभी राहिली. आत कूलर घरघरत होता. तो चालू आहे याची खात्री झाल्यावर ती पायरी उतरली, ते चपला न घालताच. रस्ता तव्यासारखा तापला होता.

"मागच्या डिकीत दोन फडकी हायत. मऊ, करड्या रंगाची. आवाज न करता काढा. आणि छत्री आणा."

"छत्री कशाला?"

"आबा, आणा की!"

तिचा आवाज चिरकला. आकारामांना वाटलं, ही आपल्यावर चिडली. लहानपणी पाटी फुटली की अशीच चिडायची. पण डिकीतून फडकी काढून ते वळले तेव्हा त्यांनी तिचे हात पाहिले. ती बांगड्या काढत होती. हिरवा चुडा एक एक करून घाईनं, तरी किणकिणू न देता उतरवत होती आणि कुंपणाच्या कट्ट्यावर मांडत होती. मग तिनं मंगळसूत्र गळ्यापाशी आत खोचलं, बोटातली अंगठी काढली. सणाच्या दिवशी सवाष्णीनं हात मोकळे केलेले विमलाबाईंनी पाहिले असते तर घर डोक्यावर घेतलं असतं.

"हे कशाला गं?"

"चरा उठतोय पत्र्यावर." ती म्हणाली. तिला हे सांगावं लागतंय, याचंच तिला नवल वाटल्यासारखं दिसलं.

आकारामांनी छत्री उघडून बॉनेटवर धरली. निशिगंधानं ओल्या फडक्यानं पत्रा गार केला, हाताची पालथी बाजू लावून पाहिलं, पुन्हा गार केला, आणि सगळा कोरडा करून घेतला. मग दुसरं फडकं घडी करून चौकोनी केलं, त्याच्यावरच थोडासा स्प्रे मारला आणि हातभर जागा पुसली. लगेच घडी उलटून कोरड्या बाजूनं हलक्या हातानं फिरवलं. वाकून, एक डोळा मिटून, मोबाईलचा दिवा आडवा धरून पाहिलं. त्या हातभर जागेतले पट्टे गेले होते. मग पुढची हातभर जागा. तिचा हात सरावाचा होता.

"तुला हे कुठनं येतंय?"

"करते की दर रविवारी."

"तू? पाव्हणं न्हाय करत?"

"हे उभं ऱ्हाऊन बघत्यात," ती म्हणाली.

पोरीला कामाची सवय आहे, त्यात वाईट काय, असं आकारामांनी मनाशी म्हणून पाहिलं. ऊन तिच्या मानेवर पडत होतं, घामानं पोलक्याची पाठ भिजली होती. त्यांनी छत्री जरा सरकवून तिच्या डोक्यावर धरली.

"गाडीवर धरा, आबा. पत्रा तापतोय."

त्यांनी छत्री परत गाडीवर नेली. त्यांच्या लेकीला उन्हात उभं करून ते एका पत्र्यावर सावली धरत होते आणि हे त्यांना आवडलं नाही. तोंड उघडून मात्र ते काही बोलले नाहीत.

आत कूलरचा आवाज क्षणभर बदलला. निशिगंधाचा हात जागच्या जागी थांबला. तिनं श्वास धरला. पंख्याला काहीतरी अडून सुटलं असावं, घरघर पुन्हा सुरू झाली. तिनं श्वास सोडला आणि हात आधीपेक्षा भरभर चालवायला लागली. अजून काचेजवळची पट्टी आणि डावीकडचा भाग राहिला होता.

आता आकारामांना भीती वाटू लागली. मघाशी वाटली ती गाडीची होती. ही कशाची, ते त्यांना कळत नव्हतं.

"निशे, एवढं कशाला घाबरतीस? मी सांगतो की, माझ्या हातनं झालं म्हणून. मला काय खात्यात व्हय ते?"

"तुमाला कोण काय करतंय, आबा."

हे ती इतक्या साधेपणानं म्हणाली की आकारामांनी ते आधी नुसतं ऐकून घेतलं. मग छत्रीची मूठ त्यांच्या हातात घट्ट झाली.

"मंजे?"

"तुमी काय सांगू नगा. तुमचं नाव निघालं की ज्यास्तच हुतंय."

"काय हुतंय?"

ती फडक्याची कोरडी बाजू शोधत राहिली.

"निशे, काय हुतंय?"

"छत्री सरळ धरा."

आकारामांनी छत्री सरळ धरली. वर्षभरात ती तीनदा माहेरी आली होती, तिन्ही वेळा उभ्याउभ्याच. सणाला राहा म्हटलं की 'ह्यांना चालत न्हाय' म्हणायची, आणि आकाराम गल्लीत कौतुकानं सांगायचे, आमच्या पाव्हण्यांना लेकीबिगर करमत नाही. आता ते आठवून त्यांना स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटली.

तेवढ्यात कूलर बंद झाला.

गल्ली एकाएकी गप्प झाल्यासारखी वाटली. निशिगंधानं उरलेल्या जागेवर फडकं फिरवलं, एकदा, दोनदा, पण मोबाईलचा दिवा धरायला वेळ नव्हता. ती सरळ उभी राहिली. बांगड्या घ्यायला कट्ट्याकडं वळली, तर दारात उदयसिंह आलेच.

तोंड धुतलेलं, भांग नीट पाडलेला. ते हसत होते.

"काय चाललंय बापलेकीचं?"

"काय न्हाय, जरा पुसली," निशिगंधा म्हणाली. आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला होता. "मीच स्प्रे मारला. थोडा ज्यास्त झाला माझ्याकडनं. आबा नुसते छत्री धरून हायत."

उदयसिंह गाडीच्या डाव्या बाजूला गेले, गुडघ्यात वाकले आणि बॉनेटवर आडवी नजर टाकली. मग एक बोट पत्र्यावरून हळूच फिरवलं, काचेपासून दिव्यापर्यंत. बोट उताणं करून पाहिलं. त्यांचं हसू काही गेलं नाही.

"पट्टे मी पाडलेत, पाव्हणं," आकाराम म्हणाले. "ती खोटं बोलतीया. मीच बाटली आणली, मीच मारला. तिनं उलटं नीट केलं."

निशिगंधानं डोळे मिटले.

"असू द्या हो मामा," उदयसिंह म्हणाले. "गाडीच ती. मी कुठं काय बोललो?" त्यांनी खिशातून रुमाल काढून ते बोट पुसलं, नीट, नखापर्यंत. "निशा, आवर तुझं. घरी जाऊन बघू."

एवढंच. आवाज चढला नाही, कपाळाला आठी नाही. गल्लीतून जाणाऱ्या कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, किती समजूतदार जावई! पण 'घरी जाऊन बघू' कानावर पडताच निशिगंधाचे खांदे वर आले आणि मान आत गेली. आकारामांनी ते पाहिलं. त्यांना आता कुणी काही सांगायची गरज उरली नव्हती.

"झाली का निघायची तयारी?" म्हणत विमलाबाई बाहेर आल्या. हातात ताट होतं. तांदूळ, नारळ, खण, हळदी-कुंकू. लेकीची ओटी भरल्याशिवाय तिला वाटेला लावायची नाही, आणि एकदा भरली की मग उंबऱ्यात थांबवायची नाही. "ये गं निशे, पाटावर उभी ऱ्हा. पदर पुढं घे."

निशिगंधानं पदर पुढं घेतला.

"विमल," आकाराम म्हणाले. "ताट आत ने."

"मंजे?"

"आज ओटी भरायची न्हाय. निशी जात न्हाय." ते उदयसिंहांकडं वळले. उघडी छत्री अजून त्यांच्या हातात होती, ती कुठं ठेवावी ते त्यांना सुचत नव्हतं. "आमच्यात रीत हाय, पाव्हणं. लग्नानंतरच्या पहिल्या अधिकात लेक आई-बापाच्या दारात आली की अधिक संपेस्तोवर तिला परत धाडत न्हाईत."

अशी कुठलीही रीत नव्हती. आकारामांना ती बोलता बोलता सुचली होती, आणि ती किती तकलादू आहे हे त्यांच्या त्यांना ऐकू येत होतं. निशिगंधा बापाकडं बघत राहिली.

"अशी रीत?" उदयसिंह म्हणाले. आता हसू थोडं बारीक झालं होतं. "आमच्याकडं तर कुणी कधी ऐकली नाही. सकाळी आल्यापासून तुम्हीही बोलला नाहीत." ते विमलाबाईंकडं वळले. "मामी, रीतीभातीचं तुम्हाला जास्त कळतं. तुम्ही सांगा. आहे अशी रीत?"

विमलाबाई ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं नाही. त्यांनी लेकीचे मोकळे हात पाहिले, तापल्या रस्त्यावरचे तिचे अनवाणी पाय पाहिले. ही बाई वाणाच्या ताटात एक अनारसा कमी पडला म्हणून परत चूल पेटवणारी. देवाधर्माच्या गोष्टीत हिनं आजवर जिभेवर खोटं येऊ दिलं नव्हतं. हिनं 'कुठली ओ रीत?' म्हटलं, की संपलं. गाडी निघणार आणि दार लागलं की आत काय होतं ते कुणाला कळणार नाही.

"हाय की, पाव्हणं," विमलाबाई म्हणाल्या. "माझ्या आईनंबी पाळली, सासूबाईंनीबी पाळली. ती मोडली तर नवऱ्याच्या जिवाला भोवतंय म्हणत्यात. सांगायचं ऱ्हाऊनच गेलं बगा माझ्याकडनं."

आणि त्या ताट घेऊन वळल्या. "चल गं आत, निशे. पाय भाजत्यात."

उदयसिंहांनी खिशातून गाडीची किल्ली काढली. निशिगंधानं हातातलं फडकं गाडीवर ठेवलं आणि ती आईच्या पाठोपाठ पायरी चढली.

आकाराम तिथंच उभे राहिले. 'का' म्हणून विमलाबाईंनी एका शब्दानंही विचारलं नव्हतं. आई, सासू, नवऱ्याच्या जिवाला भोवतंय, कुठं एकदासुद्धा जीभ अडखळली नव्हती. लेकीचं दुखणं ओळखून ते सगळं त्यांनी कधीचंच जुळवून ठेवलेलं असावं, आणि नवरा कधी तोंड उघडतोय याची वाट बघत त्या इतके दिवस गप्प बसल्या असाव्यात, हे आकारामांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी हातातली छत्री मिटली.